हीटरचा होज

आमच्या गाडीला हीटर आहे, हे कित्येक वर्षं आमच्या लक्षातही नव्हतं. विरारच्या बोळिंजला राहणाऱ्याला हीटर कशाला? अर्नाळ्याकडून येणारा खारा, दमट वारा बाराही महिने अंगाला चिकटलेला. जानेवारीत दोन-चार पहाटे स्कूटरवरून आगाशीकडे जाताना कानाला रुमाल बांधावा लागतो, तेवढीच काय ती आमची थंडी. डॅशबोर्डवरचं लाल-निळं बटण निळ्या टोकाला कायमचं बसलं होतं.

गाडी २००६ची, टर्बो डिझेल, नंबर एमएच ०४. तिचं वय या नंबरावरूनच कळतं. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. वसईला स्वतःचा ४८ पुढे मिळाला आणि १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला. त्याआधी २००९मध्ये विरारची नगरपरिषद जाऊन महापालिका आली होती. आमचा पत्ता असा बदलत गेला, गाडीचा नंबर तेवढा ठाण्याचाच राहिला. पंधरा वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरून तिचं पुन्हा पासिंग करून आणलं तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता.

गेल्या मे महिन्यात ती पाणी प्यायला लागली. ‘गाडी पाणी पिते’ हे गॅरेजवाल्यांचं बोलणं. मला ते आवडतं, उन्हातून आलेल्या बैलासारखं वाटतं. दर चार दिवसांनी बॉनेट उघडावं, तर टाकीतलं हिरवं कूलंट खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं. अर्धा लिटर घालावं, की पुन्हा तेच. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत, आणि त्यावर सोसायटीतली मांजर अंगाचं मुटकुळं करून झोपलेली.

पाणी निसटण्याला मराठीत किती शब्द आहेत! छप्पर गळतं, नळ ठिबकतो, माठ पाझरतो, न्हालेले केस निथळतात. ‘झिरपणं’ आम्हा इमारतीतल्या लोकांच्या फार ओळखीचं, कारण वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराने आमच्या छतावर काढलेला नकाशा दर पावसाळ्यात एकेक नवा तालुका जोडून घेतो. पण गाडीच्या या प्रकाराला मला शब्द सापडेना. ना थेंब, ना ओल, आणि पाणी मात्र कमी. माठ पाझरतो म्हणून त्यातलं पाणी गार राहतं, इंजिनाचं नेमकं उलटं. ते पाझरलं की तापतं.

तापलं ते गायमुखला. आईचे डोळे दाखवून ठाण्याहून परतत होतो. दुपारचे दोन, घोडबंदर रस्त्यावर नेहमीची कोंडी, चढावर पुढे दोन कंटेनर. काटा मधली जागा सोडून हळूहळू वर सरकायला लागला. गाडी कडेला घ्यायला जागाच नव्हती. तेव्हा कधीतरी ऐकलेलं आठवलं आणि एसी बंद करून ते निळ्या टोकाचं बटण जोर लावून लाल टोकाला नेलं, पंखा पूर्ण सोडला. हीटर म्हणजे आत बसवलेला एक छोटा रेडिएटरच. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि त्याची धग आपल्या पायांवर येते. पायांना जेवढी धग, तेवढा इंजिनाला उतारा. पायावर भट्टी उघडल्यासारखं झालं. एक गोडसर, जळक्या काकवीसारखा वास आला.

‘‘अरे, मे महिन्यात शेकोटी?’’ आई मागून म्हणाली. तिच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, चेहऱ्यावरून घाम ओघळत होता.

‘‘काच खाली कर, आई. पूल ओलांडेपर्यंत.’’

काटा थांबला, मग एक रेघ उतरला. वर्सोवा पुलावर खाडीचा वारा आत आला तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

गॅरेजात सल्ले आधी आले, मिस्त्री नंतर. चहा प्यायला आलेल्या टेम्पोवाल्याने हळद सुचवली. रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकली की ती भेगेत जाऊन बसते, हा आपल्याकडच्या ड्रायव्हरांचा जुना तोडगा. कापलं, खरचटलं की हळद, तोच न्याय लोखंडालाही. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘घाट उतरून घरी पोचायला ठीक आहे. पण ती भेगेतच बसेल कशावरून? बारीक नळ्यांत बसली म्हणजे?’’

त्यांनी इंजिन तापवलं, बंद केलं, आणि बराच वेळ काहीच केलं नाही. हे काहीच न करणं महत्त्वाचं. बंद यंत्रणेत पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकणाचा दाब एक बारच्या आसपास धरला तर साधं पाणीसुद्धा एकशेवीसपर्यंत कळ काढतं. गरम असताना झाकण फिरवलं की दाब सुटतो, सगळं एकदम उकळतं आणि तोंडावर येतं. मिस्त्रींच्या डाव्या मनगटावर अशाच एका घाईचा गुळगुळीत डाग आहे.

मग झाकणाच्या जागी त्यांनी हातपंप लावला. सायकलच्या पंपाचा मोठा भाऊ, वर घड्याळासारखी तबकडी. चार दट्टे मारले, काटा एकवर आला. आम्ही दोघं तबकडीकडे बघत उभे. मिनिटभराने काटा केसभर खाली आला. ‘‘आहे,’’ ते म्हणाले, जशी एखाद्या वैद्याला नाडी सापडावी. बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन ते इंजिनाच्या मागच्या अंगाला वाकले. त्यांनी दाखवलं तेव्हा मलाही दिसलं. हीटरकडे जाणाऱ्या रबरी होजच्या टोकाला, क्लिपखाली, एक हिरवा थेंब फुगत होता. फुगला, लोंबला, सुटला आणि खाली टर्बोच्या पत्र्यावर पडून ‘छन्’ करून नाहीसा झाला. पत्र्यावर आधीच्या कितीतरी थेंबांची पांढरी पुटं होती, भिंतीवर लोणा चढावा तशी.

पुठ्ठा कोरडा का राहत होता ते आता कळलं. इंजिनाच्या जळक्या वायूवर एक चाक फिरवायचं आणि त्या चाकाने आत जादा हवा कोंबायची, ही आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची १९०५ची कल्पना. चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि त्याचं घर तव्यासारखं तापतं. गाडी उभी केली तरी ती धग बराच वेळ शेजारच्या रबराला भाजत राहते. एकोणीस वर्षं भाजलेला तो होज वरून काळाभोर, चांगला दिसत होता. मिस्त्रींनी काढून वाकवला तर टोकाशी बारीक चीर उघडली. हात सोडला की चीर मिटायची. थंड असताना दाब नाही, म्हणून गळती नाही. तापल्यावर गळायचं ते तव्यावरच.

‘‘भाऊ, हीटर बायपासच करून टाकू,’’ ते म्हणाले. ‘‘दोन्ही टोकं एकमेकांना जोडतो. इकडे कोण लावतो?’’

सल्ला खोटा नव्हता. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या गाड्यांचे हीटर असेच तोडलेले असतात. पण मला आईचा घामेजलेला चेहरा आठवला. म्हटलं, नको, दोन्ही होज नवे टाका.

रेडिएटर रिकामा केला तेव्हा तळाला तपकिरी गाळ निघाला. मिस्त्री म्हणाले, पूर्वी विहिरीचंच पाणी घालायचो, तेव्हा ते गोड होतं. आता बोअरचं घातलं की नळ्यांत क्षार धरतो. वसईच्या वाड्यांमध्ये पावसाचं पाणी धरणारी बावखलं होती, त्यांतून आजूबाजूच्या विहिरींना पाझर मिळायचा. त्यांतली कितीतरी भराव घालून बुजवली. उपसा वाढला, खारं पाणी आत सरकलं. ज्या जमिनीला पाझरणं हा गुण होता, तिथला पाझर आपण बुजवला, आणि घरांच्या छतांना मात्र तो आपोआप फुटला. असो. मिस्त्रींनी डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणवला, निम्मं पाणी, निम्मं कूलंट. भरताना म्हणाले, ‘‘हीटर लाल करा. नाहीतर आतली हवा निघत नाही.’’ बुडबुडे येत राहिले, मग थांबले.

दोन महिने झाले, कूलंट वरच्या रेघेवर आहे. जुनं कूलंट ज्या घमेल्यात काढलं होतं, त्याच्याकडे गॅरेजची मांजर निघाली तेव्हा मिस्त्री हातातलं काम टाकून धावले होते. सांडलेलं कूलंट जनावरं चाटतात, आणि त्यातलं ग्लायकॉल थोडं पोटात गेलं तरी मांजर वाचणं कठीण. तुमच्या गाडीखाली कधी हिरवं किंवा गुलाबी थारोळं दिसलं, तर गळती शोधायच्या आधी ते फडक्याने टिपा आणि वर बादलीभर पाणी ओता.