तांबटाची बोटं

मी काढलेला पहिला तांबट सगळ्यांना आवडला होता. कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा, डोळ्याच्या वर-खाली पिवळे डाग, बाकी अंग हिरवंगार. पुण्याच्या वेताळ टेकडीवरचे पक्षी आणि झाडं शाळेतल्या मुलांसाठी चितारायला घेतली होती, त्यातलं ते पहिलं चित्र. ते बाईंना दाखवायला नेलं. वनस्पतींची शास्त्रीय चित्रं काढण्यात त्यांचा जन्म गेलेला. रंगांबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. “बोटं मोजलीस का गं?” एवढंच विचारलं.

मोजली नव्हती. चिमणीला असतात तशी तीन पुढे, एक मागे काढून मी मोकळी झाले होते. तांबटाची दोन पुढे आणि दोन मागे असतात. पोपटाची, सुतारपक्ष्याची, कोकिळेचीही तशीच. त्याची टुक्‌-टुक्‌ ऐकत मी लहानाची मोठी झाले, पण पायांकडे कधी पाहिलंच नव्हतं. ज्या फोटोवरून काढत होते त्यात पाय पानाआड होता आणि उरलेला मी मनानेच पुरा केला होता.

बाईंनी खोडरबर पुढे सरकवला. “दिसलं नाही ते काढू नये. मोकळं सोड.”

त्याच मार्चमध्ये आमच्या जिन्याच्या काचेवर आपटून एक तांबट गेला. उचलला तेव्हा अंगात ऊब होती. चोचीच्या बुडाशी मिशांसारखे राठ काळे केस, पोटावर हिरव्या रेघा, पाय पोवळ्यासारखे लाल. हे सगळं इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. बाकी सोडून आधी पाय काढायला बसले. पिसांचा रंग टिकतो, पण पाय, चोच, डोळ्याभोवतीची कातडी यांचा रंग मेल्यावर लवकर उतरतो. म्हणून तर संग्रहालयातल्या पक्ष्यांच्या चिठ्ठीवर हे रंग लिहून ठेवायची रीत पडली. संध्याकाळपर्यंत तो लाल माझ्यादेखत मळकट झाला. कागदाच्या कडेला मी रंगांचे ठिपके लावून पाहत होते. नळीतला हिरवा थेट लावला की पक्षी प्लॅस्टिकचा दिसायचा. पिवळ्यात थोडा निळा आणि अगदी किंचित तपकिरी घातला तेव्हा कुठे पाठ जमली. दिवेलागणीला त्याला अंगणात पुरलं.

झाडाचं काम मात्र निराळ्या चालीनं होतं. टेकडीच्या पायथ्याशी एका निष्पर्ण झाडावर तांबट नेहमी दिसायचे. फेब्रुवारीतली त्याची लाल फुलं लांबून पाहून मी वहीत ‘पळस’ लिहून टाकलं होतं. जवळ गेले तर फांद्यांवर बारीक काळे काटे. पळसाला काटे कुठले? तो पांगारा होता. पानांवरूनही फसायला होतं, कारण पळसासारखीच पांगाऱ्यालाही तीन-तीन पानं. पण पळसाचं पान चामड्यासारखं जाड, पांगाऱ्याचं मऊ. एका कागदावर फूल, शेंग आणि पान तिन्ही हवीत, आणि झाड ती एकदम देत नाही. आधी फूल, मग बी असेल तिथे फुगलेली आणि मध्ये आवळलेली शेंग, आणि भरलेलं पान पावसातच. तो कागद सहा महिने टेबलावर अर्धाच पडून होता. मला ते अर्धं चित्र आवडायला लागलं होतं.

पुढच्या वर्षी त्याच पांगाऱ्याच्या एका वाळलेल्या, तिरप्या फांदीवर तांबटानं ढोली कोरायला घेतली. भोक फांदीच्या खालच्या अंगाला होतं, पावसाचं पाणी आत शिरू नये असं. तो आत डोकं घालायचा, चोचीत भुसा घेऊन मागे सरायचा, मान झटकून तो खाली टाकायचा आणि पुन्हा आत. मी खाली बसून तीन सकाळी काढत होते. डाव्या पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, फांदी घट्ट धरलेली. उजवा पाय फांदीआड होता. तेवढी जागा कागदावर मोकळी आहे.