काटा कधी चढतो?

दिवाळी उरकली, कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली, की आमच्या माळशिरस-पंढरपूर पट्ट्यातले जुने ट्रॅक्टर गॅरेजची वाट धरतात. पावसाळाभर चिंचेखाली नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये उभा असलेला, फार तर पाळी घालायला बाहेर पडलेला ट्रॅक्टर अचानक उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या ओढायला लागतो आणि चार-दोन खेपांत पाणी फेकतो. मालक सीटवरून खाली उतरायच्या आत निदान सांगून मोकळा.

"मिस्त्री, गॅस्केट उडालीय. हेड खोला."

हेड खोलायला माझं काय जातंय? मजुरी त्यातच आहे. पण तपासणीत हेड खोलणं सगळ्यात शेवटी येतं, आणि आमच्या धंद्यात कितीतरी जण सुरुवातच तिथून करतात. मी पाना हातात घ्यायच्या आधी विचारतो, "काटा कधी चढतो?"

"कधी म्हंजे? चालवला की चढतो की!"

या उत्तराचा मला काही उपयोग नसतो. नांगराला चढतो की रस्त्याला? चढाला की सपाटीला? उभ्यावर मळणीयंत्र चालवताना? सकाळी चालू केल्यावर पाच मिनिटांत, का दुपारपर्यंत ठीक असतो आणि मग? पाणी चालू असताना फेकतो का बंद केल्यावर? यातल्या एकेका उत्तरामागं वेगळा दोष असतो, आणि ते उत्तर मिळालं की निम्मं काम बसल्या जागी होतं.

लोडवरच तापत असेल तर हिशेब सोपा आहे. जळणाऱ्या डिझेलमधली साधारण एक तृतीयांश ताकद कामाला लागते. बाकीची सगळी उष्णता. त्यातली बरीचशी धुराड्यातून निघून जाते, उरलेली पाण्यानं उचलून रेडिएटरपर्यंत न्यायची आणि फॅननं हवेत टाकायची. नांगर जेवढा खोल लागेल तेवढं हे ओझं वाढतं. म्हणून अर्धवट चोंदलेला रेडिएटर रिकाम्या ट्रॅक्टरला पुरतो आणि नांगराला पुरत नाही. अशा वेळी मी धुराकडंही बघतो. काळा धूर असेल तर डिझेल जादा पडतंय किंवा हवा कमी पडतेय; मग नोझल, एअर क्लीनर आणि पंपाचं टायमिंग बघायचं. टायमिंग मागं गेलेलं असलं की डिझेल उशिरा जळतं, ताकद चाकाला मिळत नाही आणि उष्णता मात्र हेडला लागते. पाण्याची सगळी व्यवस्था नवी टाकली तरी असा ट्रॅक्टर तापतच राहतो.

उभ्यावर तापणं वेगळं. सोयाबीनच्या, तुरीच्या मळणीला ट्रॅक्टर तासन् तास एका जागी गुरगुरत असतो, आणि फॅन ओढतो ती हवा भुशानं भरलेली. पुढची जाळी काढून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ दिसतो. फसू नये. संध्याकाळच्या वेळी मागून, फॅनच्या बाजूनं टॉर्च मारायचा आणि पुढून बघायचं. उजेडाचे ठिपके आरपार आले नाहीत तर पाकळ्यांच्या मधोमध भुसा, पाचट, धूळ आणि ब्रीदरमधून उडालेलं तेल यांचा घोंगडीसारखा थर बसलाय. तो वरून दिसत नाही. लोक पुढून पाण्याचा जोरदार फवारा मारतात. त्यानं कचरा आणखी आत दाबला जातो आणि पाकळ्याही मुडपतात. हवा पुढून मागं जाते, तर कचरा मागून पुढं काढायचा. आधी कोरड्या हवेनं, मग बेताच्या पाण्यानं. आणि फॅनभोवतीचं पत्र्याचं कव्हर बेल्ट बदलताना अडचण होते म्हणून कुणी काढून ठेवलं असेल, तर ते शोधून परत बसवायचं. कव्हर नसलं की फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. आमच्याकडं ही कव्हरं गॅरेजच्या कोपऱ्यात नाहीतर मालकाच्या गोठ्यात सापडतात.

जुन्या आयशरचे चाहते अजून भेटतात. 1959 साली फरिदाबादला आयशरनं देशात ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. त्या जुन्या एक सिलिंडरच्या आयशरला रेडिएटरच नव्हता, इंजिन हवेवर थंड व्हायचं. "पाणी न्हाई, कटकट न्हाई," असं म्हातारे सांगतात. कटकट होतीच. सिलिंडरच्या पाकळ्यांत तेल आणि माती भरली की तोही तापायचा, फक्त सांगायचा नाही. पाण्याचं इंजिन निदान वाफ तरी दाखवतं.

आता एक ट्रॅक्टर सांगतो, कारण ‘कधी’ या प्रश्नाची किंमत त्यानं दाखवली. मुंबईत 1963 साली निघालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीनं ज्याची सुरुवात केली, त्या बी-275 घराण्यातला, चांगला जपलेला. माझ्याकडं यायच्या आधी तो दुसरीकडं हिंडून आला होता. हेड खोलून नवी गॅस्केट टाकलेली. वॉटर बॉडी नवी. रेडिएटरवाल्यानं वरची टाकी डाख काढून उघडलेली, एकेका नळीत पट्टी घालून साफ केलेली. एवढा खर्च होऊनही उसाच्या खेपेला काटा लालमध्ये जायचा. मालकाचं म्हणणं ठरलेलं होतं: "ह्यो ड्रायव्हर रेटतो. दुसरं काय न्हाई." ड्रायव्हर मागच्या चाकाला टेकून उभा होता. काही बोलत नव्हता.

मालक चहाला गेले तेव्हा मी त्यालाच विचारलं.

"खरं सांगू का मिस्त्री, चढाला कायबी होत न्हाई. खालच्या गिअरात दोन्ही ट्रॉल्या घिऊन चढतो, काटा जाग्यावर. वर आल्यावर सपाटीला टॉप टाकून पळवला, की चढतो. रेस कमी केली की आपसूक उतरतो."

हे उलटं आहे. चढाला लोड जास्त, तिथं तापायला हवा. सपाटीला लोड कमी, तिथं हा तापतो. म्हणजे रोग लोडाचा नाही, रेसचा. रेस वाढली की वॉटर बॉडी जास्त पाणी फिरवते, फॅन जास्त हवा ओढतो. दोन्ही गोष्टी थंड करणाऱ्याच. मग रेस वाढल्यावर बिघडतं असं काय? एक शंका बेल्टची. बेल्ट ढिला किंवा तुळतुळीत झालेला असेल तर जास्त रेसला घसरतो. अंगठ्यानं दाबून बघितला, ताण बरोबर होता, कडाही खरखरीत होत्या. दुसरी शंका ओढीची. रेडिएटरच्या खालून वॉटर बॉडीकडं जाणाऱ्या होजमध्ये पाणी ढकललं जात नाही, ओढलं जातं.

रेडिएटरपुढं पुठ्ठा लावून इंजिन चांगलं तापवलं, कारण थंडपणी होज कडक असतो आणि काही दाखवत नाही. मग पुठ्ठा काढला, हातातली रेस वर केली आणि खाली वाकून बघत बसलो. आधी काही नाही. रेस आणखी वर नेली तसा होज मधोमध दबायला लागला आणि बघता बघता दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या. रेस खाली आणली, होज फुगून परत गोल. ड्रायव्हरला बोलावून दाखवलं. त्यानं स्वतः दोनदा रेस वरखाली करून बघितली.

त्या होजच्या आत तारेची स्प्रिंग असायला हवी होती. ती असते याच कामासाठी. कुणीतरी कधीतरी जुना होज फेकताना स्प्रिंगही फेकली आणि मापाचा साधा रबरी पाइप कापून बसवला. वर रेडिएटरच्या झाकणाचं रबर मेलेलं, त्यामुळं आत दाब धरत नव्हता. झाकण हे नुसतं झाकण नाही. समुद्रसपाटीला पाणी 100 अंशाला उकळतं, आमच्या उंचीवर त्याच्याही थोडं आधी. जुन्या ट्रॅक्टरांना बऱ्याचदा 7 पौंडांचं झाकण असतं. तेवढ्या दाबानं उकळण्याचा बिंदू दहा-बारा अंशांनी वर जातो. शिवाय तोच दाब होजला आतून फुगवून धरतो. स्प्रिंगवाला होज आणि नवं झाकण, एवढ्यावर तो ट्रॅक्टर हंगामभर चालला. हेड आणि वॉटर बॉडीवर झालेला खर्च परत कुणी देत नसतं.

हल्ली माझ्याकडं लांबून तापमान दाखवणारी बंदूक आहे. तिचा खरा उपयोग आकडा किती हे बघण्यात नाही, दोन आकड्यांमधला फरक बघण्यात आहे. वरचा होज आणि खालचा होज. खालचा फारच गार आणि वरचा फारच गरम असेल, तर पाणी रेडिएटरमध्ये रेंगाळतंय: वॉटर बॉडीची पाती झिजलीत, नळ्या चोंदल्यात किंवा वाट कुठंतरी अडलीय. दोन्ही जवळपास सारखेच गरम असतील, तर पाणी फिरतंय पण उष्णता सोडत नाही. तेव्हा हवेकडं बघायचं, फॅन, बेल्ट, पाकळ्या. मग बंदूक रेडिएटरच्या जाळीवरून आडवी फिरवायची. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नाही. बंदूक नव्हती तेव्हा हेच हातानं कळायचं, फक्त हात पोळायचा.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याबद्दल मात्र मी भांडतो. आमच्याकडं त्याला ‘वॉल’ म्हणतात आणि ट्रॅक्टर तापला की पहिला बळी त्याचाच जातो. "काढून टाका, पाणी मोकळं फिरेल." फिरतं, पण कुठं? काही इंजिनांत गरम झाल्यावर बायपासची वाट थर्मोस्टॅटच बंद करतो. तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न जाता परत ब्लॉकमध्येच फिरत राहतं आणि लोडला ट्रॅक्टर आधीपेक्षा जास्त तापतो. इतर इंजिनांत उलटं होतं, इंजिन तापायलाच तयार नसतं. थंडीत सकाळभर पांढरा धूर, अर्धवट जळलेलं डिझेल लायनरवरून खाली ऑइलमध्ये, आणि हंगाम-दोन हंगामांत रिंगा-लायनर झिजलेले. मालक खूश असतो, कारण काटा खाली आहे. थर्मोस्टॅट तपासायचा असेल तर पातेल्यात पाणी घालून त्यात लोंबकळता सोडावा आणि गॅस पेटवावा. त्याच्यावर अंश कोरलेले असतात. त्या आसपास तो उघडला तर चांगला, नाहीतर नवा टाकावा. घरच्या पातेल्यावरून बायको बोलते, म्हणून एक जुनं पातेलं मी गॅरेजलाच ठेवलंय.

पाण्याचं काय सांगावं. आमच्या बोअरचं पाणी जड. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, तेच पाणी कळशीनं रेडिएटरमध्ये ओततात. क्षार लायनरच्या बाहेरून आणि हेडच्या आत बसतो, आणि बिडाच्या मानानं तो उष्णता फारच कमी जाऊ देतो. रेडिएटर साफ, होज नवा, पाणी फिरतंय, काटाही ठीक, आणि तरी हेडला तडा गेलेला, असं दिसतं ते यामुळं. कॉक उघडल्यावर पाण्याबरोबर पांढरे खपले आले की मी लिंबूफुलाचं पाणी भरून इंजिन चालवतो, सोडतो, पुन्हा साध्या पाण्यानं धुतो, आणि मग कूलंट भरून देतो. पुढच्या खेपेला त्यात पुन्हा बोअरचंच पाणी असतं. वर गळती थांबवायला टाकलेली हळद. हळदीनं बारीक गळती थांबते हे खरं आहे; रेडिएटरच्या बारीक नळ्याही थांबतात हे कुणी सांगत नाही.

गॅस्केट खरंच जाते, नाही असं नाही. तिच्या खुणा स्पष्ट असतात. रात्रभर उभा असलेला थंड ट्रॅक्टर, झाकण उघडं, पाणी काठोकाठ. इंजिन चालू करायचं आणि रेडिएटरच्या तोंडात बघायचं. पाणी अजून गार असताना बुडबुडे यायला लागले, आणि रेस वाढवली तसे वाढले, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात येतोय. झाकण लावल्यावर वरचा होज मिनिटभरात दगडासारखा टणक झाला तरी तेच. डिपस्टिकवर ऑइल पांढरट, दुधाळ दिसलं, किंवा बाहेर थेंबही न सांडता पाणी रोज कमी होतंय, तर मग हेड खोला. तेव्हाही नुसती गॅस्केट बदलून बंद करू नका. हेड लेथवाल्याकडं नेऊन सपाट आहे का बघा, व्हॉल्वच्या सीटांमध्ये बारीक तडा आहे का बघा. तो तडा बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेलाच पडलेला असतो: इंजिन लाल, माणूस घाईत, आणि शेजारच्या पाटाचं गार पाणी बादलीनं ओतलेलं. तापलेलं इंजिन तसंच हळू रेसवर चालू ठेवावं, थोडं निवू द्यावं, मग बंद करावं. झाकणाला हात लावू नये. वाफेनं भाजलेले हात माझ्या ओळखीच्या बऱ्याच ड्रायव्हरांचे आहेत.

मालकांना एक विनंती. ट्रॅक्टर गॅरेजला पाठवताना दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू नका. जो रोज त्याच्यावर बसतो, त्याला पाठवा. तो पोरगा असो की रोजंदारीवरचा गडी. आणि मी त्याला काही विचारत असेन, तेव्हा मधे बोलू नका.