पंधरापैकी अकरा

मैत्रिणींनो, मार्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते मुलांचं प्रगतिपुस्तक. पण माणूस दवाखान्यात बेशुद्धीच्या काठावर असतो तेव्हा त्यालाही मार्क देतात, हे ठाऊक आहे का तुम्हांला?

ही पद्धत निघाली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात. टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी ती १९७४ साली मांडली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण १५. काहीच प्रतिसाद नसला तरी प्रत्येक खान्यात एक गुण मिळतोच, म्हणजे सर्वांत कमी ३. आठ किंवा त्याहून कमी असले, की खोल बेशुद्धी समजतात.

माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कागदावर आकडा होता ११. वन्संनी तर डोळ्यांना पदरच लावला. "वहिनी, चार मार्क गेले हो!"

मी सिस्टरना विचारलं, हे चार गेले कुठले? त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. डोळे आपणहून उघडतात, ४. 'हात उचला' म्हटलं की डावा उचलतात, ६. हालचालीत चांगल्या बाजूचेच गुण धरतात. बोलणं, १. म्हणजे गेले ते चारही बोलण्याचे! सासूबाईंची शुद्ध शाबूत होती, गेली होती ती वाणी. दाराशी कुणीतरी त्यांच्या पाटल्यांचा विषय काढला, तेव्हा त्यांनी डावी मूठ घट्ट आवळून घेतली. आता बोला!

बहुतेकांचं भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असतं. म्हणून उजवं अंग लुळं पडलं की पुष्कळदा बोलणंही जातं. घशात श्वासाची नळी असली तरी तीच गत. ही अडचण ओळखून अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ साली 'फोर' नावाची मोजणी काढली. तीत डोळे, हालचाल, बाहुल्यांसारख्या आपोआप होणाऱ्या क्रिया आणि श्वास यांना प्रत्येकी ४ गुण. बोलण्याचा खानाच नाही.

"पण वाचतील का?" आपला खरा प्रश्न हाच. गुण कमी तितका धोका जास्त, हे खरं. पण वय, मेंदूतल्या रक्तस्रावाची जागा आणि आकार हेही बघावं लागतं. झोपेच्या औषधानं, साखर उतरल्यानंही गुण घसरतात. आणि एक भीती आहे. आकडा बघून पहिल्याच दिवशी सगळ्यांनी हात टेकले, उपचार आवरते घेतले, तर रोगी दगावतो. मग भाकीत खरं ठरलं असं वाटतं! म्हणूनच मेंदूत रक्तस्राव झालेल्यांसाठी अमेरिकेत २०१५ साली निघालेल्या सूचना सांगतात, की रोग्यानं आधीच तशी इच्छा सांगितलेली नसेल, तर 'हृदय थांबल्यास प्रयत्न नकोत' हा निर्णय निदान दाखल झाल्यावरच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत घेऊ नये.

तेव्हा बायांनो, अशी वेळ कुणावर न येवो. पण आलीच तर नुसती बेरीज ऐकू नका. तीनही आकडे वेगवेगळे विचारा. कालचे किती, आजचे किती, तेही विचारा. आजींना ऐकू कमी येतं, त्यांना फक्त मराठीच कळतं, हे डॉक्टरांना आधीच सांगा. आणि खर्चाच्या, वाटणीच्या गोष्टी खाटेपासून लांब जाऊन करा. गप्प असलेला माणूस ऐकत नसतो, असं कुणी सांगितलं?