देहूरोडच्या वाटेवर सुटलेली चकरी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना झाली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही घटना. त्या दिवशी आम्ही दापोडीहून बहुधा लोकलने वंदनेला जातो. गेल्या खेपेस भाचा म्हणाला, "मामा, या वेळी सायकलने जाऊ." मी माझी जुनी सायकल पुसून काढली.

त्याची सायकल मात्र फिक्स चकरीची. म्हणजे चाक फिरले की पायडल फिरणारच, पाय स्थिर ठेवायची सोय नाही. जुन्या सायकलीचे फ्रीव्हील काढून त्याने स्वतःच ती चकरी बसवली होती. मागचा ब्रेकही काढला होता. पाय मागे दाबला की सायकल थांबते, असे त्याचे म्हणणे.

कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी मागे पडले. निगडीपुढे एका उतारावर तो ओरडला, "मामा, पायडल मोकळं जातंय!" मागून ट्रक येत होता. पुढचा ब्रेक होता म्हणून तो कडेला थांबू शकला. माझ्या डोळ्यांपुढे माझी बहीण उभी राहिली.

"चेन ताणली की झालं," तो म्हणाला. मी म्हटले, "आधी कारण तर बघू."

झाडाखाली सायकल उलटी केली. चेन मध्यभागी अर्धा इंच वरखाली होत होती, म्हणजे ताण बरोबर होता. पिशवीत कचेरीतली पट्टी होती. चेनच्या चोवीस पिना बरोबर बारा इंचांत बसल्या. एकअष्टमांश इंच जास्त भरले असते तर चेन झिजलेली समजावी. चकरीचे दात आकड्यासारखे वाकलेले नव्हते. पायडलच्या दांड्याची कॉटर पिनही घट्ट होती. शेवटी मी चाक घट्ट धरले आणि त्याला पायडल मागे दाबायला सांगितले. चकरी आट्यांवर फिरली!

दुखणे तिथे होते. पुढे पायडल मारताना चकरी आवळत जाते, मागे दाबले की सुटते. म्हणून खऱ्या फिक्स हबवर चकरीच्या बाहेर उलट्या आट्यांची लॉकरिंग असते. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर तिला जागाच नसते. चेन ताणून आम्ही पुढे गेलो असतो, तर पुढच्या उतारावर पुन्हा तेच घडले असते.

उरलेली वाट सायकली हातात धरून चालत काटली. देहूरोडच्या मिस्त्रीने फ्रीव्हील आणि मागचा ब्रेक बसवून दिला. योग्य हब मिळेपर्यंत चकरी पिशवीतच राहील, असे भाच्याने कबूल केले.

विहारात वंदना झाल्यावर तो बराच वेळ मूर्तीसमोर बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, "मामा, मी तर नुसती चेन ताणत बसलो असतो." मी म्हटले, "तथागतांनी दुःख सांगितले आणि लगेच त्याचे कारणही सांगितले. कारण सापडल्याशिवाय उपाय नाही."

पालकांनो, मुलांच्या सायकलीला दोन्ही ब्रेक आहेत ना, हे आजच पाहा. जयभीम!