बेचाळीस बिलं

२ जून २०२५, सोमवार

चौदा सोसायट्या आणि प्रत्येकीचे तीन मीटर: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. म्हणजे महिन्याला विजेची बेचाळीस बिलं. बावीस वर्षं मी ती हातानं मारतेय. बीएसईएसचं रिलायन्स झालं, २०१८ मध्ये अदानी आलं. माझ्या लेजरचं नाव मात्र तेव्हाही 'लाइट बिल' आणि आजही 'लाइट बिल'च.

आता म्हणे मारायचीच नाहीत. आर्टिकलशिपला आलेला मुलगा मेलवरच्या बिलांतून आकडे एक्सेलमध्ये ओढणार आणि तिथून थेट टॅलीत. टॅलीप्राइम ४.० पासून एक्सेलची फाइल सरळ आत घेता येते. आधी एक्सएमएलचा खटाटोप असे. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत राहिले.

५ जून, गुरुवार

बेचाळीस बिलं दीड मिनिटात. आधी हेवा वाटला, मग संशय आला. डे बुक उघडलं. १४ आणि १९ मेची बिलं जागच्या जागी, पण ६ मेची बिलं थेट ५ जूनला! त्याच्या लॅपटॉपवर तारीख अमेरिकन पद्धतीची, आधी महिना. आपल्याकडे निदान दुष्काळात तेरावा महिना येतो. लॅपटॉपकडे तोही नाही, म्हणून बाराच्या पुढच्या तारखा वाचल्या.

९ जून, सोमवार

शांतीनगरच्या खजिनदार काकांचा फोन. "ताई, आमची लिफ्ट चंद्रावर जायला लागली का?" लिफ्टचा खर्च दुप्पट.

बिल काढलं. चालू महिन्याचे १०,८७०, मागची बाकी ११,२४०. त्यांचा चेक बिल तयार झाल्यावर पोचला, म्हणून बाकी दिसत होती. आणि मुलाचा तक्ता उचलत होता 'एकूण देय'. एप्रिलचा खर्च पुस्तकात आधीच होता, तो दुसऱ्यांदा पडला.

मुलगा म्हणाला, "ताई, तुम्ही सांगितलं नाहीत." खरंय. हातानं मारताना माझं बोट बाकीच्या ओळीवर थांबायचं आणि ती सोडून पुढे सरकायचं. त्यात सांगण्यासारखं काही आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

आज दोघांनी बसून रकाने पाडले. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क: हे खर्चात. विलंब आकार वेगळ्या खात्यात, कारण वार्षिक सभेत 'चेक कुणी उशिरा दिला' हा प्रश्न येतोच. मागची बाकी कुठेच नाही.

१३ जून, शुक्रवार

एका सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे. तिच्या बिलावर 'इम्पोर्ट' म्हणजे ग्रिडकडून घेतलेले युनिट आणि 'एक्स्पोर्ट' म्हणजे दिलेले. इम्पोर्टचं इम्पोर्ट करताना मुलगा तासभर घामाघूम. शिल्लक युनिट पुढच्या बिलात युनिट म्हणूनच जातात, त्यांचं व्हाउचर होत नाही, हे पटवायला मला आणखी अर्धा तास.

२१ जून, शनिवार

बेचाळीसच्या बेचाळीस बरोबर. मी फक्त बेरीज ताडून पाहिली. अकराला हात रिकामे.

मग टँकरच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. सूर्या योजनेतून शहराला रोज २१८ दशलक्ष लिटर पाणी मिळायचं ठरलंय. तोवर उन्हाळा टँकरवर आणि टँकर चिठ्ठीवर. यंदा पाऊस मेअखेरीलाच आला, त्यामुळे निम्म्या चिठ्ठ्या भिजलेल्या. गाडीचा नंबर अर्धा, वॉचमनची सही पसरलेली. मुलानं मोबाइलवर दोन-चार फोटो काढून पाहिले, मग गुपचूप खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला. आता मी वाचते, तो मारतो.

"ताई, हा एक की नऊ?"

मी चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली. "एक. एका दिवसात नऊ टँकर ओतायला त्यांची टाकी कुठे पुरतेय?"