यादी कुठे ठेवायची?

आमच्या शाळेचा सर्व्हर ऑफिसच्या मागच्या खोलीत आहे. वर्षभर निवांत असतो. प्रवेशाच्या आठवड्यात मात्र साइट उघडत नाही आणि पालक फाटकाशी गर्दी करतात. म्हणून गेल्या वर्षी कमिटीने ठरवलं, सगळं क्लाऊडवर टाकायचं. मीही हात वर केला.

उत्साहाच्या भरात मी फीमाफीची यादीही ऑनलाइन टाकली. लिंक ज्याच्याकडे असेल त्याला उघडेल, अशी. ती फिरत फिरत पालकांच्या ग्रुपवर गेली. दुसऱ्या दिवशी यादीतल्या एका मुलीचे वडील आले. रिक्षा चालवतात. भांडले नाहीत. "सर, फी जकातीच्या पैशातून भरली, हे पोरीला ठाऊक नव्हतं," एवढंच म्हणाले. दोष क्लाऊडचा नव्हता, परवानगी मी दिली होती. घेणाऱ्याची लाज राखावी, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाने!

मग 'हायब्रीड क्लाऊड' हा शब्द नीट समजून घेतला. तोवर मला वाटायचं, अर्धं इथे, अर्धं तिथे. एनआयएसटी या अमेरिकी मानकसंस्थेने 2011 मध्ये केलेल्या व्याख्येत भर जोडणीवर आहे. स्वतःची आणि भाड्याची व्यवस्था वेगवेगळ्या राहतात, पण डेटा आणि प्रोग्रॅम दोन्हींत ये-जा करू शकतात. गर्दी वाढली की जादा भार बाहेर, ओसरली की परत. लग्नाला मंडप भाड्याने आणतो, म्हणून कोणी घर विकत नाही. (काटेकोर बोलायचं तर मागच्या खोलीतल्या एका डब्याला खाजगी क्लाऊड म्हणत नाहीत. विचार तोच.)

कमिटीतल्या एका चाचांना डेटा परदेशात जाण्याची भीती होती. मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर 2015-16 पासून पुण्या-मुंबईतही आहेत, हे त्यांना सांगितलं. माझी लिंक मात्र पुण्यातूनही तितकीच उघडली असती.

आता फॉर्म, वेळापत्रक, निकाल बाहेर. यादी मागच्या खोलीत. साइट तिकडे एकच प्रश्न पाठवते : या विद्यार्थ्याची फी जमा आहे का? उत्तर हो किंवा नाही. कोणी भरली, ते खोलीबाहेर जात नाही. हार्डडिस्क बिघडण्याची धास्ती आहेच, म्हणून एक कुलूपबंद प्रत बाहेर ठेवली. तिची किल्ली दोघांकडेच. देखभाल आता दोन ठिकाणची, खर्चही दोन्हीकडचा, आणि खजिनदार त्यावरून अजून कुरकुरतात.

यंदा ते रिक्षावाले भाई फॉर्म घेऊन आले, तेव्हा सही करण्याआधी विचारलं, "यादी कुठे असते आता?" मी मागच्या खोलीचं दार उघडलं. काळा डबा, वर पंखा. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं, मग पेन मागितलं.