उसनी जर्सी

2022 च्या नोव्हेंबरात, विश्वचषक सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, दोह्याच्या कॉर्निशवर अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्या जर्सीतली माणसं नाचत निघाली. तशीच ब्राझीलची, इंग्लंडची. सोबत चेंडा वाजत होता. चेंडा हा केरळचा. अर्जेंटिनाचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे व्हिडिओ युरोपात पोहोचले आणि तिथे प्रश्न निघाला, हे खरे चाहते की कतारने पैसे देऊन उभे केलेले? आयोजकांनी इन्कार केला, पण 'नकली चाहते' हा शब्द चिकटला तो चिकटलाच.

कोल्हापूरच्या माणसाला या शब्दाचा राग येणारच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही आमच्या तालमींची नावं बाहेरच्याला कुस्तीची वाटतात, पण शाहू स्टेडियमवर त्या फुटबॉल खेळतात आणि त्यावरून पेठापेठांत वाजतं. विश्वचषक आला की त्याच पेठांत मेस्सी आणि रोनाल्डोचे फलक लागतात. त्या वेळी तर कोळिकोडजवळ पुल्लावूरला लोकांनी नदीतच मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे उंचच उंच कटआऊट उभे केले. भारत विश्वचषकात कधी खेळलेलाच नाही. 1950 साली ब्राझीलला जायची संधी होती, संघ गेला नाही. मग ज्याला फुटबॉल आवडतो त्याने संघ उसना घ्यायचा नाही तर काय करायचं?

20 तारखेला, रविवारी, सलामीची मॅच होती. माझ्याकडे तिकीट नव्हतं, म्हणून इंडस्ट्रियल एरियात गेलो. तिथे एशियन टाऊनच्या क्रिकेट स्टेडियममध्ये मोठा पडदा लावला होता आणि प्रवेश फुकट. आपल्यापैकी बरेच जण इतकी वर्षं कतारमध्ये राहून त्या भागात गाडीचं काम असेल तरच जातात. त्या रात्री तिथे नेपाळी, बांगलादेशी, बिहारी, मल्याळी अशी तुडुंब गर्दी होती. बायका जवळजवळ नाहीतच.

शेजारी सिवानचा एक माणूस बसला होता. अल खोरचं अल बैत स्टेडियम बेदुइनांच्या तंबूसारखं बांधलंय. त्याच्या शटरिंगच्या कामावर तो होता. कॅमेरा वरून फिरला की तो सोबतच्या पोराला पडद्यावर बोट दाखवून सांगायचा, "वो कोना, उधर." पहिल्याच मिनिटांत इक्वेडोरने केलेला गोल ऑफसाईड ठरला तेव्हा सगळे ओरडले, पण पुढे एनर वालेन्सियाने दोन घातले. विश्वचषकात यजमान संघ सलामीची मॅच हरण्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या हाफमध्ये पडद्यावर रिकाम्या खुर्च्या दिसू लागल्या. कतारी प्रेक्षक घरी निघाले होते. सिवानकर म्हणाला, "हमको दे देते टिकट."

कतारच्या रहिवाशांसाठी साखळी सामन्याचं स्वस्तातलं तिकीट 40 रियालचं होतं, साधारण नऊशे रुपये. आपल्याला ते काहीच नाही. पण इथलं किमान वेतन महिना 1000 रियाल, म्हणजे हे तिकीट एका दिवसाच्या मजुरीहून महाग. या बांधकामांवर किती मजूर गेले यावर जगभर वाद चालू होता आणि तो व्हायलाच हवा होता. मात्र त्या वादात बोलणाऱ्यांपैकी कुणी त्या रात्री एशियन टाऊनमध्ये बसलेलं मला दिसलं नाही.

मेट्रोबद्दल थोडं. पाहुण्यांना ती फुकट होती. सूक वाकिफजवळ उंच खुर्चीवर बसून एक केनियाचा तरुण फोमचं मोठं बोट दाखवत तालात म्हणायचा, "मेट्रो? धिस वे!" दोन दिवसांत सगळं शहर ते म्हणायला लागलं. आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना जेवायला हाक मारली की उत्तर यायचं, "किचन? धिस वे!"

मंगळवारी दुपारी एकला लुसैलमध्ये अर्जेंटिना आणि सौदी. या मॅचचं तिकीट मिळालं होतं. 88 हजार माणसं, आणि निम्म्याहून जास्त हिरवी वाटावीत इतके सौदी. ते गाड्या घेऊन सलवाच्या सीमेवरून आले होते. 2017 साली हीच सीमा बंद झाली तेव्हा दुकानातलं दूध संपलं होतं आणि मग कतारने विमानाने गाई आणल्या, हे इथे राहिलेल्यांना आठवत असेल. साडेतीन वर्षं ते चाललं. आणि आता कतारचे अमीर खांद्यावर सौदीचा झेंडा घेऊन बसले होते. फुटबॉलमुळे भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही, ते आधीच मिटवलं होतं. पण ते डोळ्यांनी दिसलं ते त्या दुपारी.

माझ्या शेजारी मलप्पुरमचा एक तिशीतला माणूस होता, 10 नंबरची जर्सी घालून, रात्रपाळी संपवून थेट आलेला. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टी मारली तेव्हा त्याने मला मिठी मारली. तोवर आम्ही एकमेकांचं नावही विचारलं नव्हतं. मग अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाईडमध्ये गेले. मध्यंतरानंतर पाच-सहा मिनिटांत सौदीने दोन केले. दुसरा, अल-दवसारीचा, असा सुंदर होता की मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. 36 सामन्यांत न हरलेला संघ हरला आणि तो तोंडावर हात ठेवून बसून राहिला. बाहेर सौदी पोरं "मेस्सी वेन?" म्हणजे 'मेस्सी कुठाय?' असं ओरडत होती. एकाने त्याची जर्सी पाहून त्याच्या पाठीवर थोपटलं, पाण्याची बाटली दिली. त्याने ती घेतली.

मेट्रोच्या रांगेत तासभर उभे होतो. तेवढ्या वेळात त्याने फोनवर गटाचं सगळं गणित मांडलं: मेक्सिकोला हरवायचं, मग पोलंडला. मेक्सिकोची मॅच शनिवारी रात्री दहाला, पुन्हा लुसैलमध्येच. रविवारी पहाटे पाचला त्याची कंपनीची बस येणार होती. तिकीट मिळालं तर स्टेडियममधून थेट बसला जाईन, म्हणाला.